टेलोमेअरचा रिपोर्ट की पडवीतली खुर्ची?

आई-बाबा गुहागरला किंवा देवगडला दोघंच राहतात. वयं सत्तरीच्या पुढे, मोठं दुखणं कुठलंच नाही. मुलं मुंबई-ठाण्यात. अशा घरांतून हल्ली एक प्रश्न हमखास येतो: 'शरीराचं खरं वय' सांगणारी ती टेलोमेअरची तपासणी त्यांच्यासाठी करून घ्यावी का? रक्त किंवा लाळ द्यायची, काही हजार रुपये मोजायचे, आणि रिपोर्टात येतं की बाबा कागदोपत्री ७३ असले तरी पेशींनी ६६ आहेत. याच्यासमोर दुसरा पर्याय फुकटातला आहे: एक खुर्ची, मीटर टेप आणि मोबाइलमधलं स्टॉपवॉच. माझा कौल खुर्चीला. पण टेलोमेअरची बाजू आधी नीट ऐकून घेऊ, कारण त्यामागचं विज्ञान भंपक नाही.

आपल्या गुणसूत्रांच्या टोकांवर डीएनएची तीच ती सहा अक्षरं पुन्हा पुन्हा गिरवलेली असतात; हे टोक म्हणजेच टेलोमेअर. होडीच्या दोराचं टोक उसवू नये म्हणून सुतळीनं गच्च आवळतात, तसलंच हे काम. पेशी विभागली की टोक थोडं झिजतं, फार झिजलं की पेशी विभागायचं थांबते. प्रयोगशाळेत वाढवलेल्या माणसाच्या पेशी साधारण ४० ते ६० वेळा विभागून थांबतात, हे लिओनार्ड हेफ्लिक यांनी १९६१ साली दाखवलं. झिजलेलं टोक भरून काढणारं टेलोमरेज हे विकर (एन्झाइम) कॅरल ग्रायडर आणि एलिझाबेथ ब्लॅकबर्न यांना १९८४ साली सापडलं. जॅक शॉस्टॅक यांच्यासह या दोघींना २००९चं नोबेल मिळालं. इथपर्यंत सगळं चोख.

घोळ सुरू होतो तो एका माणसाच्या एका आकड्यापाशी. प्रौढांच्या पांढऱ्या पेशींतलं टेलोमेअर वर्षाला साधारण २० ते ४० बेस-जोड्यांनी (डीएनएच्या अक्षरांच्या जोड्यांनी) आखूड होतं, आणि एकूण लांबी असते काही हजार जोड्यांची. म्हणजे वर्षाची घट एक टक्क्याच्याही आतली. बाजारातल्या बऱ्याच तपासण्या पीसीआर पद्धतीच्या (डीएनएच्या असंख्य प्रती काढून मोजणाऱ्या) असतात, तिथे एकाच नमुन्याच्या दोन मोजण्यांत काही टक्क्यांचा फरक सहज पडतो. यंदा केली, पुढच्या वर्षी पुन्हा केली, तर फरक बाबांमध्ये पडला की यंत्रात, हे कोण सांगणार? शिवाय एकाच वयाच्या दोन धडधाकट माणसांच्या टेलोमेअरमध्ये जन्मापासूनच बरीच तफावत असते. त्यातून '६६' काढणं म्हणजे सरासरीच्या आलेखावर बोट ठेवणं.

लांब म्हणजे चांगलं, हेही सरसकट खरं नाही. अंतराळवीर स्कॉट केली २०१५-१६मध्ये जवळपास वर्षभर अंतराळस्थानकात होते. तिथे त्यांची टेलोमेअर लांबली, आणि पृथ्वीवर परतल्यावर थोड्याच दिवसांत आखूड झाली. ते वर तरुण झाले होते असं कुणी म्हणत नाही. ज्यांची टेलोमेअर आनुवंशिकतेनं लांब असतात, त्यांच्यात मेलानोमासारख्या (त्वचेचा एक कर्करोग) काही कर्करोगांचा धोका थोडा जास्तच दिसतो.

आता खुर्ची. ती भिंतीला टेकवून ठेवा, नाहीतर फरशीवर सरकते. हात छातीवर आडवे, आणि हाताचा आधार न घेता पाच वेळा पूर्ण उभं राहायचं. बाजूला कुणीतरी उभं असावं. म्हातारपणी स्नायू घटण्यावरच्या आशियाई तज्ज्ञगटाच्या २०१९च्या निकषांप्रमाणे १२ सेकंद किंवा जास्त लागले तर पायांतली ताकद कमी झाली आहे. सेकंदांइतकंच लक्ष उठण्याच्या ढबीकडे द्या. पहिल्या दोन उठण्या ठीक जातात, तिसऱ्याला हात नकळत मांडीवर येतो, चौथ्याला अंग पुढे झोकून उठावं लागतं, आणि बसताना माणूस धपकन खाली येतो. वर 'आज गुडघा जरा धरलाय' अशी सबब तयार असतेच. ती खरीही असू शकते, म्हणून चालही बघायची: अंगणात सहा मीटर आखून घ्या, दोन पावलं आधीपासून चालायला लावा, रेषेवर थबकू देऊ नका. रोजच्या चालीनं सहा सेकंदांपेक्षा जास्त लागले तर चाल मंद. शिंप्याच्या टेपनं पोटरीचा सर्वांत जाड घेर मोजा: पुरुषांत ३४, बायकांत ३३ सेंटिमीटरच्या खाली असेल तर स्नायू घटल्याचा संशय घ्यावा.

पकडीची ताकद मोजायला यंत्र लागतं, फिजिओथेरपिस्टकडे मिळेल. पुरुषांत २८ किलो आणि बायकांत १८ किलोच्या खाली ती कमी धरतात. हे किरकोळ वाटेल, पण भारतासह १७ देशांत झालेल्या, २०१५ साली छापून आलेल्या 'प्युअर' अभ्यासात मृत्यूचा अंदाज वरच्या रक्तदाबापेक्षा मुठीच्या ताकदीवरून जास्त चांगला बांधता आला.

दोन्ही पर्याय शेजारी ठेवले की खरा फरक दिसतो तो रिपोर्टनंतरच्या सोमवारी. टेलोमेअर आखूड आलं तर करायचं काय? चाला, नीट झोपा, तंबाखू सोडा. हे न तपासताही सांगता येतं. उलट त्या आकड्याच्या मागे लागलं तर वाट चुकण्याची भीती. जर्मनीतल्या एका प्रयोगात (२०१८) सहा महिने धावण्यासारखा दमाचा व्यायाम करणाऱ्यांची टेलोमेअर वाढली, वजनं उचलणाऱ्यांची नाही. पण म्हातारपणी पडणं टाळायला लागतात ती ताकदीचे पाय. अमेरिकेत १९९० साली एका वृद्धाश्रमातल्या सरासरी ९० वर्षांच्या मोजक्या माणसांना आठ आठवडे पायांनी वजन उचलायला लावलं, तर त्यांची ताकद सरासरी १७४ टक्के वाढली. नव्वदीत!

कोकणात आणखी एक गोष्ट खुर्चीच्या बाजूनं आहे, ती म्हणजे पावसाळा. पाखाडी (दगडी पायऱ्यांची वाट) शेवाळली की म्हातारी माणसं बाजार, देऊळ, शेजारघर सगळं सोडून पडवीत बसतात. जून-जुलैत मासेमारी बंद, ताजा बांगडा दुर्मीळ, सुक्या मासळीत मीठ फार. पेज-लोणच्यावर दिवस निघतात आणि मांड्या गळतात. चाकरमानी मेमध्ये येतात आणि गणपतीला येतात, म्हणजे पावसाच्या अलीकडचं आणि पलीकडचं माप आयतं मिळतं. मेमध्ये नऊ सेकंदांत उठबस करणाऱ्या आईला गणपतीत तेरा लागले, तर कारण शोधायला आणि उपाय करायला वाव असतो: खुर्चीवरून उठबस, खांब धरून टाचा उचलणं, रोज अंडं, कुळथाची पिठी जरा दाट. पन्नास किलोच्या वृद्धाला दिवसाला ५० ते ६० ग्रॅम प्रथिनं लागतात. मूत्रपिंडाचा आजार असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

जोडीला हिमोग्लोबिन, एचबीए१सी (गेल्या काही महिन्यांची सरासरी साखर), क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम), बी-१२ एवढ्या रक्ततपासण्या पुरे. रक्तदाब मात्र झोपून आणि मग उभं राहिल्यावर पहिल्या आणि तिसऱ्या मिनिटाला घ्या. वरचा आकडा २०नं किंवा खालचा १०नं उतरला, तर रात्री परसाकडे जाताना चक्कर येऊन पडण्याची ती पूर्वसूचना असते. गोळ्यांचा डोस त्यासाठी तपासून घ्यावा.

टेलोमेअरची तपासणी जिथे खरंच हवी, अशी घरंही आहेत. दोघा-तिघांना फुप्फुसाचा फायब्रोसिस (फुप्फुस घट्ट होत जाणं), अस्थिमज्जा (हाडांतला रक्त तयार करणारा मगज) निकामी होणं, तिशीच्या आत पांढरे केस, कारण न सापडलेला लिव्हर सिऱ्हॉसिस असं घराण्यात असेल, तर रक्तविकारतज्ज्ञांकडे जा. ते फ्लो-फिश ही जास्त काटेकोर पद्धत सुचवतात, आणि तिच्या निकालावर उपचार ठरतात. पॅकेजमधल्या 'खऱ्या वया'शी याचा संबंध नाही.

रिपोर्टासोबत टेलोमेअर लांबवणाऱ्या गोळ्या गळ्यात मारत असतील तर साफ नाही म्हणा. बहुतेक कर्करोगाच्या पेशी त्याच टेलोमरेजच्या जोरावर वाढत राहतात. तेवढ्या पैशांत न्हाणीघरात दोन पकडदांड्या आणि परसाच्या वाटेवर दिवा होतो. गणपतीआधी गवंडी मिळत नाही, तेव्हा मेमध्येच सांगून ठेवा.