कानातून पू काढतो म्हणाला आणि 79,500 रुपये घेऊन गेला

थेंबाला 2,000 रुपये. असे 34 थेंब, म्हणजे 68,000. वर कसल्याशा भस्माच्या पुड्यांचे 11,500. एकूण 79,500. त्यातले 50,000 यूपीआयने, बाकी रोख.

विसर्जन मिरवणुकीपासून ह्यांच्या कानात सतत कुईंऽऽ असा आवाज. रात्रभर डोळ्याला डोळा नाही. मंडईत भाजी घेताना मी बहिणीशी फोनवर तेच बोलत होते. शेजारचा सभ्य गृहस्थ म्हणाला, "ताई, माझ्या वडिलांना अगदी हेच होतं." एका वैद्यजींनी त्यांना बरं केलं म्हणे. ते घरी येऊन कानातला पू काढतात, "दोन हजार पडतील."

वैद्यजी आला, तांब्याची नळी कानाला लावून ओढली आणि ताटलीत पिवळा थेंब टाकला. मग दुसरा, तिसरा, मोठमोठ्याने मोजत. तिथेच त्याचा हात धरायला हवा होता! ह्यांचा कान कधी दुखला नाही, ताप नाही, उशीवर डाग नाही. मग एवढा पू आला कुठून? पडदा शाबूत असेल तर आतला पू नळीने ओढून बाहेर येऊच शकत नाही. कानात साधी बॅटरीसुद्धा मारून बघितली नाही त्याने. पण "पू मेंदूत चढेल" असं ऐकल्यावर कुठली बायको हिशेब करत बसेल? दोन हजार थेंबाला, हे तर त्याने शेवटी सांगितलं.

नंतर कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे तपासणी आणि ऑडिओमेट्री, म्हणजे किती ऐकू येतं ते मोजणं, मिळून 1,500 रुपये लागले. फक्त 1,500! पू नाही, बुरशी नाही. ढोल-ताशाच्या दणक्याने कानातल्या नाजूक पेशींना इजा झालेली, आणि त्या पेशी पुन्हा येत नाहीत. हा आवाज कायमचा घालवण्याची हमी देईल त्याला दारातूनच परत पाठवा. झोपताना पंख्याचा किंवा दुसरा मंद आवाज असला की त्रास कमी जाणवतो, ह्यांना तरी जाणवतो. अचानक एका कानाने ऐकू येईनासं झालं, तर मात्र त्याच दिवशी तज्ज्ञ गाठा.

आता चौकी. "बाई, पैसे तुम्हीच दिलेत ना?" हे पहिलं वाक्य. मग हद्द. मंडई एकीकडे, घर दुसरीकडे, दोघंही एकमेकांकडे बोट दाखवणार. यूपीआय आहे तर सायबरला जा. सायबरवाले म्हणाले, समोरासमोर दिलेत, हे आमचं नाही. आरोग्य खात्यातल्या साहेबांना त्याच्या दवाखान्याचा पत्ता हवा! पत्ता असता तर मीच तिथे जाऊन बसले नसते? नोंदणी नसताना उपचार करणं 1961च्या महाराष्ट्र वैद्यकीय व्यवसायी कायद्याने गुन्हा आहे. तो काय फक्त पाटी लावणाऱ्यांपुरता आहे? खात्यावरचं नाव, मोबाइल नंबर, सोसायटीच्या कॅमेऱ्यातलं चित्रीकरण, सगळं हातात दिलं. अर्ज ड्रॉवरमध्ये गेला.

शिक्क्याची पोच घेतल्याशिवाय खुर्चीवरून उठू नका. ऑनलाइन पैसे गेले असतील तर लगेच बँकेला कळवा आणि 1930 हा सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा नंबर लावा. घरात वैद्य बोलावलाच, तर आधी नोंदणी क्रमांक मागा.

तांब्याची नळी घेऊन फिरणारा हा माणूस पुण्यात आणखी कुणाच्या घरी आला असेल, तर मला सांगा. लाजू नका. चार-पाच अर्ज एकत्र झाले की आपण थेट आयुक्तालयात जाऊ.