हॅमिल्टन-जेफरसन वाद: आधी तेव्हाचे पेपर वाचावेत की पत्रं?

अमेरिकेत हॅमिल्टनचे फेडरलिस्ट आणि जेफरसनचे रिपब्लिकन असे दोन गट कसे पडले हे साधारण माहितीये आणि आता थेट १७९० च्या दशकातलं लिखाण वाचायचंय, अशांसाठी हे लिहितोय. मी दोन्ही वाचलंय, अजूनही वाचतो.

पेपरांमध्ये जी धग आहे ती पत्रांत नाही, हे आधीच मान्य करतो. फिलाडेल्फियात सरकारच्या बाजूने फेनोचं गॅझेट, समोर फ्रेनोचं नॅशनल गॅझेट, आणि बाशच्या ऑरोराने तर खुद्द राष्ट्राध्यक्ष वॉशिंग्टनलाही सोडलं नाही. १७९८ मध्ये सरकारवर टीका करणाऱ्यांना तुरुंगात टाकणारा कायदा का आणावासा वाटला असेल, ते हे अंक चाळले की कळतं.

पण मला खरा वैताग आला तो टोपणनावांचा. सगळे रोमन नावं घेऊन लिहिणार, पॅसिफिकस म्हणजे हॅमिल्टन, हेल्विडियस म्हणजे जेफरसनचा साथीदार मॅडिसन, आणि १७९२ मध्ये तर हॅमिल्टन एकटाच चार-पाच नावांनी जेफरसनवर तुटून पडलेला, म्हणजे वाचताना वाटतं किती लोक चिडलेत आणि प्रत्यक्षात लिहिणारा एकच, तोही अर्थमंत्री!

पत्रांत हा पडदा उघडतो. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये वॉशिंग्टनने दोघांना समजुतीची पत्रं लिहिली, आणि दोघांची उत्तरं एकाच तारखेची आहेत, ९ सप्टेंबर. हॅमिल्टन कबूल करतो की अलीकडच्या प्रत्युत्तरांत माझा हात आहे. जेफरसन मात्र ईश्वराला साक्षी ठेवून सांगतो की मी स्वतः किंवा दुसऱ्याकरवी नाव न देता एक वाक्यही छापून आणलेलं नाही, आणि फ्रेनो तेव्हा त्याच्याच परराष्ट्र खात्यात वर्षाला २५० डॉलरवर अनुवादक. पुढच्या जुलैत तोच जेफरसन मॅडिसनला लिहितो की लेखणी उचल आणि लोकांसमोर हॅमिल्टनच्या चिंधड्या उडव. पॅसिफिकसला उत्तर देणारा हेल्विडियस आला तो यातून. नुसते पेपर वाचून हे मला कधीच कळलं नसतं.

आता पत्रं मोठ्या माणसांचीच, साध्या मतदाराचा राग बघायचा असेल तर कदाचित पेपरच बरे पडतील. तरी माझं मत विचाराल तर सुरुवात पत्रांनी करा, फाउंडर्स ऑनलाइन या अमेरिकी सरकारी अभिलेखागाराच्या वेबसाइटवर टिपांसकट फुकट आहेत. ९ सप्टेंबरची दोन्ही एका बैठकीत वाचा, मग फेनोचे त्याच ऑगस्ट-सप्टेंबरचे अंक काढा.