धारेखाली वेगात, की सावकाश आणि कोरडं?

दाताच्या इम्प्लांटसाठी, म्हणजे जबड्यात बसवायच्या कृत्रिम मुळासाठी, हाड कोरायचं तर ड्रिलचे मिनिटाला 800 ते 1500 फेरे आणि वर गार सलाईनची धार, हे आपण डेंटिस्ट सगळेच शिकलो. दुसरी पद्धत 50 ते 150 फेऱ्यांची, सलाईनशिवाय. त्यातही पहिलं बारीक ड्रिल वेगात आणि धारेखालीच चालवतात, पुढची सावकाश.

भीती दोन्हीकडे उष्णतेचीच. एरिक्सन आणि अल्ब्रेक्टसन यांनी 1983 साली सशांवर दाखवलं, की 47 अंश सेल्सिअस तापमान मिनिटभर राहिलं तरी हाडाला इजा होते. म्हणून कोरडं ड्रिल म्हटलं की सुरुवातीला हात कचरतो. पण फेरे कमी असले की घर्षणही कमी. उलट सर्जिकल गाइड (ड्रिलला दिशा देणारा, दातांवर बसवायचा साचा) लावली की बाहेरून सोडलेली धार बरीचशी तिच्या स्लीव्हवर, म्हणजे ड्रिल जाण्याच्या नळीवरच फुटते, टोकाला किती पोचते देव जाणे.

माझा निर्णय मात्र तापमानावरून झाला नाही, सक्शनवरून, म्हणजे तोंडातलं पाणी ओढून घेणाऱ्या नळीवरून झाला. खालच्या मागच्या दाढेला काम चालू असतं, घशाशी पाणी साचतं, पेशंटला ठसका लागतो, जीभ मध्ये येते, ड्रिल बाहेर काढावं लागतं. आणि कोरलेलं हाड? सगळं सक्शनच्या बाटलीत. दात काढून लगेच इम्प्लांट बसवला की बाजूला फट राहतेच. ती भरायला मग ग्राफ्टची, म्हणजे हाडाच्या जागी भरायच्या विकतच्या पावडरीची, महागडी कुपी फोडायची. पेशंटचं स्वतःचं हाड वाहून घालवायचं आणि वर त्यालाच त्या पावडरीचं बिल लावायचं, हे मला पटेना. सावकाश ड्रिलच्या चरांत रक्तात भिजलेला हाडाचा चुरा अडकून येतो. तो खरवडून वाटीत ठेवला की फटीपुरता बहुतेक वेळा पुरतो.

वेळ जास्त लागतो, हे कबूल. खालच्या जबड्याच्या पुढच्या टणक हाडात तर मीही अजून वेग आणि सलाईनच वापरतो. तिथे सावकाशपणाचा हट्ट धरून जोर लावण्यात अर्थ नाही. वरच्या मागच्या मऊ हाडात फेऱ्यांपेक्षा शेवटचं ड्रिल गाळून भोक थोडं अरुंद ठेवणं जास्त उपयोगी पडतं, असा माझा अनुभव. इम्प्लांट टिकण्यात मला तरी दोन्हींत फरक जाणवला नाही. बोथट ड्रिल दोन्हीकडे घात करतं. ज्याचा हात वेगावर बसलाय, त्याने मुद्दाम बदलावंच असं नाही.

पण नवी मोटर घेणार असाल, तर ती 50 फेऱ्यांवर, दाब देऊन चालवून बघा. डेमोला बहुधा 1500 वरच फिरवून दाखवतात. कमी फेऱ्यांवर टॉर्क (फिरवण्याचा जोर) टिकत नसेल तर ती मध्येच अडकते, आणि मग पुन्हा सलाईनची पिशवी टांगावी लागते.