कोरड्या डोळ्यांचे थेंब: नावापेक्षा बाटलीमागचं वाचा

मी ऐरोलीत एका कंपनीच्या अकाउंट्समध्ये आहे. दिवसभर एक्सेल, डोक्यावर एसीची जाळी. दुपारनंतर डोळ्यांत वाळू गेल्यासारखं खुपतं आणि कोरडेपणा असूनही पाणी येतं. ठाण्यातल्या आमच्या डॉक्टरीणबाईंनी कारण सांगितलं. स्क्रीनकडे बघताना पापण्या कमी मिटतात, अश्रूंचा थर सुकतो, मग डोळा चुरचुरून पाणी सोडतो.

मेडिकलमध्ये नावं ढीगभर मिळतात, पण बघायचं ते आतलं औषध. रिफ्रेश टिअर्समध्ये ०.५ टक्के कार्बोक्सीमिथाइलसेल्युलोज, म्हणजे सीएमसी. सिस्टेन अल्ट्रामध्ये पॉलिइथिलीन ग्लायकॉल आणि प्रोपिलीन ग्लायकॉल. १ टक्का सीएमसी जास्त दाट असतं, डोळ्यात जास्त वेळ टिकतं, पण घातल्यावर थोडा वेळ धूसर दिसतं. आकडे भरायचे असताना ते नको, घरी बरं. जेल तर फक्त झोपताना.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे प्रिझर्वेटिव्ह, म्हणजे औषध खराब होऊ नये म्हणून घातलेलं रसायन. काही थेंबांत बेन्झाल्कोनियम क्लोराइड असतं. ते वारंवार गेलं तर डोळ्याच्या पृष्ठभागालाच त्रास होतो, म्हणजे ज्यासाठी थेंब घालायचे तेच वाढतं. दिवसातून चारपेक्षा जास्त वेळा लागत असतील तर प्रिझर्वेटिव्ह-फ्रीच घ्यावेत. मला तेवढे लागतात, म्हणून मी ०.१ टक्के सोडियम हायलुरोनेटच्या, एकदाच वापरायच्या कुप्यांवर आले. महाग पडतात, हे खरं. पण घातल्यावर जळजळ नाही, लगेच स्वच्छ दिसतं, आणि ठाणे-वाशी लोकलच्या गर्दीतही पर्समध्ये सांडत नाहीत. माझ्याकडून पाचपैकी साडेचार. अर्धा गुण किमतीचा कापला.

घालताना खालची पापणी ओढून एकच थेंब. डोळ्यात त्याहून जास्त मावतच नाही, दुसरा गालावरच येतो. टोक पापणीला लावू नका. दुसरं औषध चालू असेल तर मध्ये किमान पाच मिनिटं जाऊ द्या. साधी बाटली उघडल्यावर साधारण महिनाभरच चालते, म्हणून मी झाकणावर तारीख लिहिते.

एका मेडिकलवाल्याने मात्र "डोळे लाल आहेत ना?" म्हणत नॅफॅझोलिनचे थेंब पुढे केले होते. त्याने रक्तवाहिन्या आकसतात, लाली तेवढ्यापुरती जाते आणि सतत वापरल्यास उलट परत येते. कोरडेपणावर तो इलाज नाही. स्टेरॉइडचे थेंब तर कुणाच्याही सांगण्यावरून घेऊ नका, डोळ्यातला दाब वाढू शकतो. आणि दुखत असेल, उजेड सहन होत नसेल किंवा दिसायला कमी झालं असेल तर थेंब निवडत बसू नका, त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा.