नव्या लॅपटॉपवर विंडोज १०: डीटीपीच्या कामाला कशी वाटली

लॅपटॉप नवा कोरा. तेराव्या पिढीचा इंटेल आय-५, १६ जीबी रॅम, ५१२ जीबी एसएसडी, सोबत विंडोज ११ प्रो. ती काढून मी विंडोज १० प्रो टाकून घेतली. संस्थांच्या अहवालांचा हंगाम आणि पाठोपाठ आलेली लग्नसराई मी यावरच काढली, त्यामुळे आता नीट लिहिता येईल.

मी मिरजेत डीटीपीचं, म्हणजे छपाईची पानं संगणकावर लावण्याचं, काम करते. पत्रिका, बिलबुकं, हँडबिलं वर्षभर चालूच असतात, पण आमचा खरा कस लागतो ऑगस्ट-सप्टेंबरात. सहकारी संस्थांची वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत व्हावी लागते, त्यामुळे सगळ्या पतसंस्था आणि सोसायट्यांचे अहवाल एकदमच येतात. अहवालाचा साचा तोच असतो, फक्त आकडे, फोटो आणि अध्यक्षांचं मनोगत बदलायचं. हे साचे आमच्याकडे पेजमेकर या पानं लावायच्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये आहेत. पेजमेकर ७ आलं २००१ मध्ये आणि त्याच्यापुढे ते गेलंच नाही. त्याला युनिकोड, म्हणजे सगळ्या संगणकांवर सारखीच चालणारी अक्षरांची पद्धत, कळत नाही, म्हणून त्यातलं मराठी जुन्या फॉन्टमध्येच करावं लागतं. पेजमेकरच्या जागी आलेल्या इनडिझाइनमध्ये या फायली उघडतात, पण सीएस६ पर्यंतच. त्यापुढच्या आवृत्त्यांनी पेजमेकरची फाइल घेणं बंद केलं.

विक्रेत्याने विचारलं, "मॅडम, नव्या मशीनवर दहा कशाला?" त्याला जे सांगितलं तेच इथे सांगते.

पहिलं कारण प्रिंटर. ओळ कुठे तोडायची हे ठरवताना पेजमेकर ज्या प्रिंटरसाठी फाइल बांधली आहे त्याचा हिशेब धरतं. डॉक्युमेंट सेटअपमध्ये तळाला 'कंपोझ टू प्रिंटर' असा रकाना आहे, तो त्यासाठीच. तिथला प्रिंटर बदलला की मजकूर नव्याने बसतो. पत्रिकेत एखादा शब्द खाली गेला तर चालतं, ताळेबंदात नाही चालत. 'जिंदगी व येणी' बाजूला एका ओळीत बसलेलं खात्याचं नाव तुटून दोन ओळींत गेलं की खालची सगळी नावं एकेक ओळ सरकतात आणि शेजारचे आकडे जागेवरच राहतात. गुंतवणुकीचा आकडा येणे व्याजापुढे! सभेत सभासद उठून विचारतात ते नेमकं हेच. आम्ही ज्या लेसर प्रिंटरवर बटर (छपाईसाठीची बटर पेपरवरची प्रत) काढतो त्याचा ड्रायव्हर, म्हणजे संगणकाला तो प्रिंटर चालवू देणारा प्रोग्राम, त्याच्या कंपनीने विंडोज १० पर्यंतचाच दिला आहे. तो ड्रायव्हर जसाच्या तसा चालणं ही माझ्यासाठी पहिली अट होती.

दुसरं कारण फॉन्टच्या पॅकेजचं डोंगल, म्हणजे ते पॅकेज चालण्यासाठी संगणकाला लावावी लागणारी किल्ली. त्याचा ड्रायव्हर जुना आहे. नव्या लॅपटॉपवर विंडोज ११ येते तेव्हा 'मेमरी इंटिग्रिटी' नावाचं संरक्षण बहुधा आधीच चालू असतं आणि असे जुने ड्रायव्हर ते अडवतं. ते बंद करता येतं हे मला माहीत आहे. पण दर वर्षीच्या मोठ्या अपडेटनंतर पुन्हा सगळं तपासत बसायला सप्टेंबरात वेळ कुणाला आहे? विंडोज १० ची २२एच२ ही शेवटची आवृत्ती. तिच्यात आता नवं काही येणार नाही, आणि मला हवं होतं ते हेच.

टाकण्याचं काम कुणालाही जमेल, पण तयारी आधी करावी लागते. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे लॅपटॉप प्रो आवृत्तीचाच घ्या. विंडोज ११ प्रोच्या परवान्यात विंडोज १० प्रोवर मागे जाण्याचा हक्क दिलेला आहे, पण मायक्रोसॉफ्टचा १० ला आधार असेपर्यंतच; होमच्या परवान्यात तो मुळातच नाही. दुसरं, पैसे देण्याआधी लॅपटॉप कंपनीच्या साइटवर त्या मॉडेलच्या पानावर जाऊन विंडोज १० चे ड्रायव्हर आहेत का ते बघा. अनेक नव्या मॉडेलांना फक्त ११ चेच असतात. स्नॅपड्रॅगन चिपच्या लॅपटॉपवर तर हा विचारच नको, तिथे इंटेलसाठी लिहिलेला डोंगलचा ड्रायव्हर चालणारच नाही.

मूळ विंडोज ११ चा रिकव्हरी पेनड्राइव्ह आधी करून घेतला आणि तो नाव घालून ठेवून दिला. विंडोज १० चा पेनड्राइव्ह मायक्रोसॉफ्टच्या टूलने तयार केला, त्याला ८ जीबीचा पुरतो. इन्स्टॉल करताना डिस्कची यादी रिकामी दिसली तर घाबरू नका. अकराव्या पिढीपासूनच्या इंटेल मशीनमध्ये व्हीएमडी (डिस्क सांभाळणारी इंटेलची सोय) चालू असेल तर विंडोज १० ला एसएसडी दिसत नाही. इंटेलचा आरएसटी ड्रायव्हर त्याच पेनड्राइव्हवर एका फोल्डरात ठेवायचा आणि 'लोड ड्रायव्हर' म्हणून दाखवायचा, की डिस्क येते. नंतर वायफाय नव्हतं, तेव्हा फोन केबलने जोडून त्याच्या इंटरनेटवर (यूएसबी टेदरिंग) बाकीचे ड्रायव्हर उतरवले.

आणखी एक बारीक गोष्ट, जी जुने फॉन्ट वापरणाऱ्या प्रत्येकाने बघावी. रीजन सेटिंगमध्ये युनिकोड न कळणाऱ्या प्रोग्रामांसाठीच्या भाषेच्या खिडकीत यूटीएफ-८ चा एक चौकोन असतो, पुढे 'बीटा' लिहिलेलं. तो रिकामाच ठेवा. तिथे टिक पडली की पेजमेकरमधल्या मराठीचा चुराडा होतो आणि माणूस उगाच फॉन्ट पुन्हा पुन्हा टाकत बसतो.

काम कसं झालं? उत्तम. पेजमेकर 'रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर'ने उघडलं, डोंगल पहिल्या झटक्यात लागलं. मागच्या वर्षीचे अहवाल उघडून जुन्या छापील प्रतीशी ओळ न् ओळ ताडून पाहिले, एकही ओळ हललेली नव्हती. हा आनंद ज्याने ताळेबंद लावलाय त्यालाच कळेल. टास्कबार डाव्या बाजूला उभा लावता येतो, ही सोय विंडोज ११ ने २०२१ मध्ये येतानाच काढली होती. १५.६ इंचाच्या आडव्या पडद्यावर ए-४ पान बघताना खालची ती पट्टी मोकळी होण्याला किंमत आहे. आमच्याकडे टायपिंगला येणाऱ्या ताईंना तर मशीन बदललंय एवढंच जाणवलं, हाताची सवय कुठे मोडली नाही.

उणिवा आहेत. बॅटरी ११ वर जितकी चालत होती तितकी चालत नाही. या प्रोसेसरमध्ये जलद आणि काटकसरी असे दोन प्रकारचे कोअर असतात आणि कोणतं काम कुणाला द्यायचं हे विंडोज ११ ला जास्त चांगलं कळतं. इथे मोठी पीडीएफ करायला लावून खिडकी मिनिमाइज केली की ते काम रेंगाळतं. खिडकी समोर ठेवली की पटकन होतं.

खरी मोठी गोष्ट सुरक्षेची. विंडोज १० चा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. घरगुती ग्राहकांना नोंदणी करून १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षा अपडेट मिळतात. व्यवसायांसाठी पैसे भरून ऑक्टोबर २०२८ पर्यंत मुदत आहे: पहिल्या वर्षी मशीनमागे ६१ डॉलर, पुढे दर वर्षी दुप्पट. आमचा हा लॅपटॉप अपडेटपुरताच इंटरनेटला जोडतो. गिऱ्हाइकांचा व्हॉट्सअ‍ॅपवरचा मजकूर, मेल, बँक हे सगळं दुसऱ्या संगणकावर चालतं. मजकूर तिथेच युनिकोडमधून जुन्या फॉन्टमध्ये बदलून, रफार आणि 'ऱ्य' तपासून, पेनड्राइव्हने इकडे येतो. पेनड्राइव्ह उघडण्याआधी स्कॅन करतो, यात सूट नाही.

म्हणून ज्यांच्याकडे एकच मशीन आहे आणि त्यावरच बँकेचे व्यवहार होतात, त्यांनी ११ च ठेवावी. मुलांच्या अभ्यासाला किंवा ऑफिसच्या साध्या कामाला लॅपटॉप घेणाऱ्यांनाही १० टाकून काही मिळणार नाही. जुन्या फायली, डोंगल आणि जुना प्रिंटर या तिन्हींवर ज्यांचं पोट आहे, त्यांना मात्र मी ही विंडोज मनापासून सुचवते. आमचं स्वतःचं गणित २०२८ पर्यंतचं आहे. दर हंगाम संपला की दोन-तीन संस्थांचे साचे इनडिझाइनमध्ये युनिकोडवर नव्याने बांधायचे असं ठरलंय, आणि सुरुवात सगळ्यात लांब ताळेबंद असलेल्या पतसंस्थेपासून केली आहे.