क्रोएशियन नागरिकत्वाचा कलम १६ चा मार्ग: एक अनुभवाधारित परीक्षण

पूर्वज क्रोएशियातून परदेशी जाऊन स्थायिक झाले असतील, तर त्यांच्या वंशजांसाठी त्या देशाच्या नागरिकत्व कायद्यात कलम ११ आहे. पूर्वज क्रोएशियाच्या आजच्या सीमेबाहेरच पिढ्यानपिढ्या राहिले आणि तरीही घराणे स्वतःला क्रोएशियन म्हणवत आले, तर कलम १६. माझ्या यजमानांचे घराणे सर्बियाच्या उत्तरेकडील सुबोतित्सा शहरातले, त्यामुळे आमच्यासाठी हा दुसराच मार्ग होता. त्यांच्या अर्जाची सर्व कागदपत्रे मी जुळवली असल्यामुळे एक सरकारी सेवा म्हणून या प्रक्रियेविषयी लिहीत आहे.

कायद्याची मागणी वाचायला सोपी आहे. अर्जदाराने क्रोएशियात राहण्याची अट नाही, मूळ नागरिकत्व सोडण्याची अट क्रोएशियाच्या बाजूने नाही, आणि सर्वसाधारण परकीय अर्जदाराला लागू असलेली भाषा व संस्कृतीच्या ज्ञानाची अटही या कलमात नाही. देशाच्या कायदेव्यवस्थेचा आदर आणि सुरक्षेच्या दृष्टीने आक्षेप नसणे एवढे मात्र पाहिले जाते. खरी कसोटी आहे ती क्रोएशियन जनसमूहाशी असलेले नाते सिद्ध करण्याची. अर्जदाराने पूर्वी कायदेशीर व्यवहारात आपले राष्ट्रीयत्व (म्हणजे नागरिकत्व नव्हे, तर आपण कोणत्या जनसमूहाचे ते) क्रोएशियन असे नोंदवले होते का, ते सार्वजनिक दस्तऐवजांत आले आहे का, क्रोएशियन लोकांच्या हक्कांसाठी व हितासाठी त्याने काही केले आहे का आणि परदेशातील क्रोएशियन सांस्कृतिक, वैज्ञानिक किंवा क्रीडा संस्थांमध्ये तो सक्रिय होता का, हे तपासले जाते. थोडक्यात, अर्ज करायचे ठरल्यानंतर निर्माण केलेल्या पुराव्याला येथे फारसे वजन नाही.

ही कसोटी मला तत्त्वतः योग्य वाटते. क्रोएशिया २०१३ पासून युरोपीय संघात आहे आणि १ जानेवारी २०२३ पासून शेंगेन या अंतर्गत सीमातपासणी नसलेल्या क्षेत्रात व युरो चलनात, त्यामुळे त्याच्या पासपोर्टवर डोळा ठेवून एका हंगामापुरते तंबुरित्सा हे तिकडचे लोकप्रिय तंतुवाद्य वाजवू लागणारे अर्जदार असणारच, आणि त्यांना गाळणारी चाळणी हवीच. पण ही चाळणी कागदाची आहे, आणि कागद सर्वांना सारखे मिळालेले नाहीत. क्रोएशिया व सर्बिया ज्या एका देशाची प्रजासत्ताके होती त्या युगोस्लाव्हियाच्या काळात शाळेची प्रमाणपत्रे, विद्यापीठाची नोंदवही, लष्करी पुस्तिका, कामगार पुस्तिका अशा अनेक ठिकाणी राष्ट्रीयत्वाचा रकाना असे. आज सर्बियात राष्ट्रीयत्व जाहीर करण्याची सक्ती कोणावरही नाही. नागरिक म्हणून हे चांगलेच. परंतु परिणाम असा की सासऱ्यांच्या लष्करी पुस्तिकेत जे एका शब्दात सिद्ध होते, ते त्यांच्या मुलाला निरनिराळ्या दाखल्यांची चळत रचून सिद्ध करावे लागते.

सुबोतित्साच्या बाबतीत आणखी एक गुंता आहे. तेथील अनेक कॅथलिक कुटुंबे बुन्येवत्सी म्हणून ओळखली जातात. त्यांतील काही स्वतःला क्रोएशियन मानतात, काही स्वतंत्र समाज, आणि सर्बियाच्या जनगणनेत दोन्हींची मोजणी वेगळी होते. आमच्या घरातच एका चुलत आजोबांच्या दाखल्यावर ‘क्रोएशियन’ आणि त्यांच्या सख्ख्या भावाच्या दाखल्यावर ‘बुन्येवाक’ (बुन्येवत्सीचे एकवचन) अशी नोंद निघाली. अशा वेळी अर्जदाराची स्वतःची नोंद भक्कम असणे अत्यावश्यक ठरते. यजमानांच्या कामी आले ते सर्बियातील अल्पसंख्याकांच्या स्वतंत्र मतदार यादीतील नाव आणि तरुणपणापासूनचा लोकनृत्य मंडळातील सहभाग.

सेवेची प्रत्यक्ष गुणवत्ता मात्र मिश्र आहे. अर्ज व्यक्तिशः द्यावा लागतो, परदेशात वकिलातीत आणि क्रोएशियात पोलीस प्रशासनाकडे. निर्णय गृहमंत्रालयाचा असतो. आम्ही ज्या वकिलातीत गेलो तिचे नाव घेत नाही. तेथील बाई सौजन्याने बोलल्या, पण लोकनृत्य मंडळाचा दाखला त्यांनी दोन वेळा परत केला: पहिल्यांदा त्यात केवळ सदस्यत्वाची तारीख होती, दुसऱ्यांदा कामाचा तपशील होता पण वर्षे नव्हती. या गोष्टी पहिल्याच भेटीत सांगता आल्या असत्या. शेवटी कोणत्या वर्षी कोणत्या कार्यक्रमात सहभाग होता, नृत्य शिकवण्याचे काम केव्हापासून केव्हापर्यंत केले, दुझियान्त्सा या सुगीच्या उत्सवात कोणती जबाबदारी होती, असा मजकूर अध्यक्षांच्या सहीशिक्क्यानिशी आणला तेव्हा तो स्वीकारला गेला. जीवनवृत्तान्तही असाच तपशीलवार लिहावा. ‘मला क्रोएशियन संस्कृतीविषयी प्रेम आहे’ यासारख्या वाक्यांचा उपयोग शून्य.

प्रतीक्षा हा सर्वांत कमकुवत भाग आहे. अर्ज मंत्रालयात पोहोचल्यावर तो कोणत्या टप्प्यावर आहे हे विचारले की ‘प्रक्रिया सुरू आहे’ एवढेच उत्तर येते, आणि तेही विचारल्यावाचून येत नाही. आमचा निर्णय अनुकूल लागला, तोवर गुन्हेगारी नोंद नसल्याच्या दाखल्याची मुदत संपून तो नव्याने काढावा लागला होता. शिवाय कायद्याची भाषा ‘नागरिकत्व मिळू शकते’ अशी आहे, मिळतेच अशी नाही. अटी पूर्ण असूनही राज्याच्या हिताचे कारण देऊन नकार देण्याचा अधिकार मंत्रालयाकडे आहे.

शेवटी मध्यस्थांविषयी. २०२० पासून कलम ११ मधील वंशजांसाठीची पिढ्यांची मर्यादा आणि भाषेची परीक्षा रद्द झाली, आणि तोच नियम कलम १६ ला लावून ‘कोणताही क्रोएशियन पूर्वज चालतो’ असे सांगणारे एजंट आम्हाला भेटले. पूर्वीच्या युगोस्लाव्हियातील दुसऱ्या प्रजासत्ताकात राहायला गेलेला माणूस कलम ११ च्या अर्थाने परदेशी स्थलांतरित ठरत नाही, हेही त्यांना ठाऊक नव्हते. ते मागत होते त्या रकमेपेक्षा न्यायालयमान्य भाषांतरकाराचे शुल्क कितीतरी कमी होते, आणि उपयोगाचे खरे काम त्यानेच केले.