‘नॅक ए ग्रेड’ सांगून चाळीस हजारांना गंडवलं

बारावीचा निकाल लागला की सोलापुरात सात रस्ता, विजापूर रोडला ‘प्रवेश मार्गदर्शन’चे बोर्ड लागतात. अशाच एका एजंटाने माझ्या बहिणीच्या इंजिनिअरिंगच्या ‘सीट बुकिंग’साठी आमच्या नानांकडून चाळीस हजार रुपये रोख घेतले. नाना टॉवेलच्या कारखान्यात यंत्रमागावर आहेत. भिशीचे पैसे होते ते.

"मालक, नॅक ए ग्रेड, एनबीए मान्यता. डोळे झाकून टाका की!" असं म्हणत त्याने दर्जा तपासणाऱ्या या दोन संस्थांची लॅमिनेट केलेली सर्टिफिकेटं पुढे धरली. बहिणीने फोटो काढला, त्यात नेमका मुदतीच्या तारखेवर त्याचा अंगठा आहे.

मी कामावरून आल्यावर दोन्ही संस्थांच्या वेबसाइट उघडून पाहिल्या. नॅकची श्रेणी साधारण पाच वर्षं चालते; या कॉलेजची केव्हाच संपली होती. एनबीएचा कागद खरा, पण मेकॅनिकलचा. बहिणीला हवी होती डेटा सायन्स. नॅक अख्ख्या कॉलेजचं मूल्यांकन करते, एनबीए मात्र एकेका कोर्सला मान्यता देते. शिवाय कोर्सच्या किमान दोन बॅच पास होऊन बाहेर पडल्याशिवाय एनबीएकडे अर्जच करता येत नाही. इथे डेटा सायन्सची पहिली बॅच अजून वर्गातच बसलेली! म्हणजे मान्यता असणं शक्यच नव्हतं. खरा कागद दाखवून खोटं बोलला, याचाच जास्त संताप येतो. नानांसारख्या माणसाने त्यात काय पकडायचं?

कॉलेज म्हणतं, आमचा एजंटच नाही. पावती दिलेली नाही. पोलिसांत तक्रार दिली आहे, पैसे अजून मिळालेले नाहीत. बहिणीला कॅप राउंडमधून, म्हणजे सरकारी केंद्रीय प्रवेश फेरीतून, दुसरीकडे प्रवेश मिळाला, तेवढं बरं झालं.

‘एआयसीटीई मान्यताप्राप्त’ एवढ्यावरही जाऊ नका. ती तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेची कोर्स चालवायची परवानगी, दर्जाची श्रेणी नव्हे. आयएसओ हे कामकाजाच्या पद्धतीचं सर्टिफिकेट, त्याचा तर इथे संबंधच नाही. नॅकच्या साइटवर कॉलेजचं नाव आणि मुदत बघा, एनबीएच्या साइटवर आपल्याच कोर्सचं नाव आहे का ते बघा. कुणी कागद दाखवला तर हातात घेऊन खालची तारीख वाचा. आणि फी फक्त कॉलेजच्या खात्यावर भरा, पावती घेऊनच.